निळ्या पाण्याचा फोटो

सोलापुरात मी कडक भाकरी करून विकते. गिऱ्हाइकांशी फारसं बोलत नाही. एकदा गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस आला. तिघा दोस्तांबरोबर गाडी घेऊन तो हिमालयात चालला होता, उंचावरच्या तळ्यांचे फोटो काढायला. महिनाभर टिकते म्हणून वाटेत खायला त्याला कडक भाकरीच हवी होती. एकेक भाकरी कानाशी धरून तो नखाने वाजवून बघत होता.

"मऊ निघाली तर दोस्त मलाच तळ्यात टाकतील, मावशी," तो म्हणाला. "तितं झाड न्हाय, गाव न्हाय. नुसतं निळं पाणी."

"मग फोटो कशाचा काढणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

वाजवायचं थांबवून त्याने भाकऱ्या पिशवीत भरल्या. पैसे ठेवून तसाच गेला. एवढ्या हौसेने निघालेल्या माणसाला आपण असं का विचारलं, हे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

महिन्याने तो परत आला. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं.

"लई छळलं तुमच्या प्रश्नानं. दोन दिवस नुसतं पाणीच काढलं, अन् सगळे फोटो सारखेच की."

त्याने कॅमेरा पुढे धरला. मी पिठाचे हात पदराला पुसून तो घेतला. निळ्या पाण्यासमोर तीन पाठमोरी माणसं भाकरी मोडत बसली होती. शेजारच्या दगडावर एक अर्धी खाल्लेली भाकरी होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. फोटो काढायला उठलो हुतो."

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. त्यानेही कॅमेरा परत मागितला नाही.