माहेरचं कोड

माझ्या हातावर कोड उठलं, त्या वर्षी अमरावतीहून एक डॉक्टर मोर्शीला आमच्या घरी आले. हा रोग रक्तातून उतरतो का, ते त्यांना शोधायचं होतं.

"घरात आणखी कोणाला आहे?"

बाबांनी सदरा खाली ओढला. आंघोळीचं पाणी देताना त्यांच्या कमरेवरचा, करदोड्याखालचा पांढरा डाग मी कितीदा पाहिला होता! मी तोंड उघडणार, तोच आईने माझा दंड दाबला. आत लग्नाच्या वयाच्या माझ्या दोन आत्या बसल्या होत्या.

"माह्या मायले होतं," आई म्हणाली. "मरून गेली."

डॉक्टरांनी ते खरं मानलं. पुढं प्रत्येक भांडणात आईला तिच्या माहेरचं कोड ऐकावं लागलं. ऐकवणाऱ्यांत बाबाही होते.