ऑफिसच्या कामाला पाहिजे

सन २००७, एप्रिल महिना, रविवारची सकाळ. रक्कम चाळीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. हजर माणसं चार: मी, माझी मुलगी सई, एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक, आणि ते.

मालकाने विचारलं, "लॅपटॉप कशासाठी हवाय?"

सईने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ऑफिसच्या कामाला पाहिजे."

सईच्या हातात गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची सीडी होती. वेष्टनावर लाल गाडी, मागे धुराचा लोट. मालकाने सीडीकडे पाहिलं, सतरा वर्षांच्या सईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

असा एक माणूस तुमच्याही कॉलनीत असेल. फ्रिज घ्यायचा असो, पंखा असो, आधी त्याला विचारल्याशिवाय कोणी दुकानाची पायरी चढत नाही. आमच्या सिडकोतल्या गल्लीत ते होते. मूळचे सायखेड्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात वीस-बावीस वर्षं काढलेली. कारखाना बंद पडला, तरी खरेदी खातं त्यांच्या अंगातून गेलं नाही. स्वतःसाठी फारसं काही घ्यायचं नसल्यामुळे ते आता आमच्यासाठी घ्यायचे.

त्यांचे नियम दोन. पहिला, तीन दुकानांचे भाव आल्याशिवाय खरेदी नाही. दुसरा, आपली खरी गरज काय आहे ते विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. "कळली की भाव वाढला म्हणून समजा, भाऊसाहेब. आम्ही कारखान्यात बेअरिंग घ्यायचो, तेव्हा सांगायचो की नुसतं स्टॉकला ठेवायचंय. मशीन बंद पडलंय हे कधी सांगितलं नाही."

या दोन नियमांवर त्यांनी कॉलनीतले डझनभर कॉम्प्युटर उभे केले होते. साधा घ्यायचा, पुढे त्यात मेमरी टाकायची, मग ग्राफिक्सचं कार्ड टाकायचं. प्रत्येकाचे दोन-तीन हजार वाचले होते. माझेही एकदा वाचले होते. मी पाटबंधारे खात्यात हिशेबाचं काम करतो. वाचलेले पैसे मी विसरत नाही.

तो आमचा जुना कॉम्प्युटर सई बारावीत असताना कायमचा बसला. त्यावर आम्ही दोघं गाड्या पळवायचो. एकच कीबोर्ड, उजवीकडचे बाण तिचे, डावीकडची अक्षरं माझी. मला दुसरा कुठलाही खेळ येत नाही. तिच्याशी दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं, त्यातलं निम्मं त्या अर्ध्या तासात व्हायचं. बारावीचा शेवटचा पेपर झाला की लॅपटॉप, असं मी कबूल केलं होतं. कारण पुढे इंजिनिअरिंगला ती बहुधा पुण्याला जाणार होती, आणि आम्हाला हातात मिळणार होती ती एवढी एक सुट्टी.

आता ऐका ती सुट्टी कशी गेली.

एप्रिलमध्ये आम्ही एम. जी. रोडची तीन दुकानं केली. ते प्रत्येक दुकानात लॅपटॉपवर सिनेमा लावायला सांगायचे. "ऑफिसच्या कामाला सिनेमा कशाला?" असं एका पोऱ्याने विचारलंच. ते म्हणाले, "साहेबांना प्रेझेंटेशन असतात." मग अर्धा तास उभं राहून लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात धरायचे, आजारी पोराच्या कपाळाला हात लावावा तसा.

"याला ताप हाय," ते म्हणायचे. "नको."

मे महिन्यात त्यांनी सांगितलं की थांबा, नवीन मॉडेल येतंय, जुन्याचा भाव पडेल. सई रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज?" मी म्हणायचो, "काका सांगतील." भाव पडला, नऊशे रुपयांनी. त्या नऊशे रुपयांत सगळा मे गेला. मेअखेरीला ते पुन्हा म्हणाले, "आता शाळा-कॉलेजच्या ऑफर निघतील. थांबा."

"काका, तुम्ही स्वतः कधी काही विकत घेतलंय का?" सईने एकदा विचारलं.

"घेतलंय ना, ताई. सायकल."

"कधी?"

"भाव पडला तेव्हा."

मला हसू आलं, पण रागही आला. बायको तर रोज टोमणे मारायची. "तुमचं टेंडर उघडेपर्यंत पोरीचं लग्न होईल," असं ती त्यांच्यासमोरच म्हणाली. ते तिला म्हणाले, "वहिनी, घाईत घेतलेली वस्तू घरात लय वर्षं डोळ्यात खुपते." आणि चहा पिऊन गेले.

जूनच्या मध्याला अखेर दोन लॅपटॉप उरले. एक शेहेचाळीस हजारांचा, त्यात गेमसाठी वेगळी ग्राफिक्स चिप होती. दुसरा साडेतेहतीस हजारांचा, तो साधा. त्यांनी हिशेब मांडला. साधा घ्यायचा, चोवीसशेची मेमरी टाकायची, चार हजारांचं कार्ड टाकायचं. एकूण एकोणचाळीस हजार नऊशे. महागडा जे करतो तेच हा करील, वर सहा हजार शंभर वाचतील. मी बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती.

लॅपटॉप घरी आला. त्यांनी खालचे स्क्रू काढून मेमरी बसवली, ती नीट बसली. मग लॅपटॉप घेऊन कार्ड आणायला आम्ही पुन्हा एम. जी. रोडच्या त्याच दुकानात गेलो.

मालक म्हणाला, "काका, लॅपटॉपला कार्ड टाकता येत नाही."

"म्हणजे?"

"जागाच नसते. याच्यात जी काही चिप आहे ती बोर्डावरच डाग मारून कायमची बसवलेली आहे. कार्ड घरच्या कॉम्प्युटरच्या मोठ्या डब्यात चालतं, यात नाही."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही ऑफिसच्या कामाला म्हणाला होता ना? त्याला कशाला लागतं कार्ड?"

त्यांनी खिशातला रुमाल काढला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी विचारलं, परत घ्याल का? मालकाने लॅपटॉप उलटा करून स्क्रूंकडे बोट दाखवलं. उघडलेला माल कंपनी घेत नव्हती.

घरी येऊन सईने गेम लावला. हिरवा कंदील लागला आणि गाडी एका जागी गचके खात राहिली. रस्ता पुढे सरकायचा, थांबायचा, सरकायचा. सईने लॅपटॉप मिटला. "असू दे बाबा. मेल बघायला होईल," म्हणाली आणि आत गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

ते दारातच उभे होते. मी म्हणालो, "तीन महिने घालवलेत तुम्ही. एक प्रश्न विचारला असता दुकानात, एक, तर झालं असतं. कोणापासून काय लपवत होतो आपण?"

"अहो, हळू," बायको म्हणाली.

ते म्हणाले, "नियम होता, भाऊसाहेब." आणि गेले. वीस वर्षं ज्याच्यावर नोकरी केली, त्याच नियमाने घात केला होता. पण त्या दिवशी मला त्यांची दया आली नाही. आजही ते तीन महिने आठवले की पूर्ण दया येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. ते होते. हातात छोटा टेबलफॅन आणि सुताराकडून आणलेले लाकडाचे दोन ठोकळे. लॅपटॉप ठोकळ्यांवर चढवला, खाली पंखा लावला आणि गेमच्या सेटिंगमध्ये शिरले. इंग्रजी एकेक शब्द सईला विचारत होते. सई आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती.

"ताई, हे काय?"

"सावल्या."

"नकोत. काढा. आणि हे?"

"झाडं."

"काढा. हे?"

"प्रेक्षक. बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात ते."

त्यांनी थोडा विचार केला. "त्यांनाही घरी पाठवा."

सईला हसू फुटलं. त्या आठवड्यात ते रोज सकाळी आले. ढग गेले, डोंगर गेले, गाडीच्या काचेवरची चकाकी गेली. शेवटी उरला एक राखाडी रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट हिरवा रंग, आणि दोन गाड्या. पण गाड्या पळाल्या. गचका न खाता पळाल्या. उजवीकडचे बाण सईचे, डावीकडची अक्षरं माझी. मी पहिल्याच वळणावर बाहेर गेलो, आणि सई इतक्या जोरात ओरडली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

ते मागे उभे राहून पाहत होते. सईने त्यांना ओढून खुर्चीत बसवलं. शेकडो मशीन तपासलेल्या या माणसाने आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता. त्यांनी गाडी हळूच काढली, डाव्या बाजूने, तीसच्या वेगाने.

"काका, पळवा ना!"

"कशाला? रस्ता मोकळा हाय."

"मी जिंकले पण!"

"शाब्बास. मी येतो मागून."

त्यांचा एक फेरा पूर्ण व्हायला आम्हाला चहा करून प्यायला पुरेल एवढा वेळ लागला. वळणावर वळले की ते स्वतःही खुर्चीत कलत होते.

सईला पुण्याला प्रवेश मिळाला. जायच्या आधी आमच्या वाट्याला नीट खेळायचे असे दहा-बारा दिवस आले. मिळायला हवे होते शंभर.

पुढच्या वर्षी थंडीत ते गेले. सकाळी फिरून आले, ओट्यावर बसले, आणि तिथेच. त्यांच्या पत्नी आता मुलाकडे मनमाडला असतात. गल्लीत कोणाला काही घ्यायचं असलं की आम्ही एकमेकांकडे बघतो, आणि मग ज्याचा तो जाऊन घेऊन येतो.

२००९ च्या उन्हाळ्यात सई घरी आली, तेव्हा पहिल्याच सोमवारी आम्ही दुकानात गेलो. मालक तोच. मी सरळ म्हणालो, "गेम खेळायला हवाय. आम्हा दोघांना." त्याने एक लॅपटॉप पुढे ठेवला आणि त्यावर गाड्यांची शर्यत लावली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट झाडं होती, त्यांच्या सावल्या गाडीवरून सरकत होत्या, आणि कठड्याला लागून शेकडो माणसं हात हलवत होती.

सई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "किती गर्दी आहे, बाबा."

मालकाने किंमत सांगितली. मी दुसरीकडे विचारलं नाही, घासाघीस केली नाही, उद्या येतो असंही म्हणालो नाही. एक्केचाळीस हजार नऊशे रुपयांचा चेक लिहिला आणि त्याच्या हातात दिला.