छोट्या खेळांच्या मीनाबाई

"तुम्ही कॉम्प्युटरवर खेळता?" असं मीनाबाईंना कुणी विचारलं की त्या समोरच्याला आधी नखशिखान्त बघून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "खेळतो की! तुमी काय करता रिकाम्या वेळात?" आमच्याकडच्या बायका 'खेळते' म्हणत नाहीत, 'खेळतो'च म्हणतात, आणि तेही असं ठणकावून की विचारणाऱ्याची बोलती बंद व्हावी. गाव मुरगूड, नोकरी कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात परिचारिकेची, लग्न केलेलं नाही, आणि सुभाषनगरात स्वतःच्या कमाईचं दोन खोल्यांचं घर. अशा बाईला लोक काय म्हणतील याची फिकीर कशाला असेल?

खेळ त्यांच्या घरी आला भाच्यामुळं. प्रसेनजीत हा त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, शिकायला त्यांच्याकडंच होता. इंजिनीअर होऊन तो पुण्याला नोकरीला गेला आणि आपला जुना कॉम्प्युटर आत्तीच्या गळ्यात मारून गेला. त्या यंत्रावर मोठे, गाजलेले खेळ चालायचेच नाहीत. सुरू केले की ते धापा टाकायचं आणि मान टाकायचं. चालायचे ते छोटे खेळ. कुठल्यातरी देशात एखाद्या माणसानं घरी बसून बनवलेले, मासिकाबरोबरच्या सीडीवर चाखायला मिळणारे, आणि आवडलाच तर घरात नेसायच्या साडीच्या किमतीत पूर्ण विकत घेता येणारे.

सुरुवात झाली नाइलाजानं, पण हळूहळू 'खेळ खरा तो छोटाच' असं मीनाबाईंचं मत झालं, आणि कोल्हापुरात मत झालं की ते पोटात राहत नाही. पुढं प्रसेनजीतनं हौसेनं नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, वर एक जगभर गाजलेला खेळही. तिसऱ्याच दिवशी आत्तीचा फोन गेला. "चित्रं झकास हायत बघ. पर खेळातला त्यो गडी मगाधरनं नुसता बोलाय लागलाय. मी खेळायचं कवा?"

छोट्या खेळांना तरी त्या सवलत द्यायच्या म्हणता? छे! एक खेळ होता, दिसायला देखणा, पण थोडं पुढं गेलं की सगळा नशिबावर. तो त्यांनी 'ह्यो मटका हाय' म्हणून काढून टाकला. आणि एका खेळात फक्त एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन भिंत चढायची, तो त्या सबंध पावसाळा खेळल्या. "मुंगी पडली की का पडली ते कळतंय," त्या वॉर्डातल्या आया बायडाबाईंना सांगायच्या. "माझी चूक मला दिसती. मग हात आपसूक परत जातोय. मोठ्या कंपन्या पैसा वततात गं, आणि ह्या गरिबांना डोकं वापराय लागतंय." बायडाबाईंना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण त्या मान डोलवायच्या.

दर फोनवर हे सगळं ऐकणारा भाचा काय करणार? २००७ साली प्रसेनजीतनं आणि त्याचा मित्र सोमेश यानं नोकरीवर लाथ मारली आणि स्वतःचाच एक छोटा खेळ बनवायला घेतला. सोमेश गडहिंग्लजचा, घरी कन्नड बोलणारा, आईला अव्वा म्हणणारा, वडील रुद्राप्पा यांचं तिथं भुसारी दुकान. खेळाचं नाव 'गाडीतळ'. हंगामात बिद्रीसारख्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या दाटीवाटीनं उभ्या असतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. कुणाला आधी सोडायचं, कुणाला मागं घ्यायचं हे ठरवून एकेक गाडी गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत न्यायची. कोंडी झाली की खेळ संपला. परदेशातली एक साइट असे खेळ विकायला ठेवायची, पण आधी पारखून घ्यायची. महिनाअखेर खेळ पाठवायचा होता. त्यांनी नाकारला तर सोमेशला दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं होतं आणि प्रसेनजीतला सोडलेल्याच साहेबापुढं हात जोडून उभं राहायचं होतं.

मीनाबाईंनी तर खेळ बघायच्या आधीच मोठ्या डॉक्टरांपासून बायडाबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्या भाच्यानं खेळ काढलाय म्हणून.

एका रविवारी दोघं खेळाची सीडी घेऊन आले. मीनाबाईंनी चष्मा पुसला आणि बसल्या. पहिली गाडी सुटली, तर पडद्यावर 'शाब्बास!' आणि वरनं फुलं. दुसरी सुटली, परत 'शाब्बास!' जरा हात थांबला की एक बाण येऊन पुढची गाडी दाखवायचा. चुकीची गाडी हलवली तर खेळ तिला गुपचूप जागेवर नेऊन ठेवायचा. चहा निवायच्या आत गाडीतळ रिकामा झाला.

दोघं पोरं मागं श्वास रोखून उभी. 'झकास हाय' एवढे दोन शब्द बोलले की घरात दिवाळी होती. बोलावेसे मीनाबाईंनाही फार वाटले.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "ह्यात मला हरताच येईना झालंय."

"हरायचं कशाला आत्ती?" सोमेश गोंधळला. "आमच्याकडं सगळ्यांना आवडला. आमची अव्वासुद्धा शेवटापर्यंत पोचली."

"कुठं खेळल्या त्या?"

"घरीच. जत्रेला पावणं आलतं, सगळ्यांना बसवलं. कोण अडलं की आम्ही तेवढं सोपं करून द्यायचो."

"आणि पावणं काय म्हणालं?"

"लई भारी म्हणाले की!"

"म्हणणारच! जेवून उठलेला पावणा आमटीत मीठ कमी हाय म्हणून सांगतोय व्हय रे?" मीनाबाईंचा आवाज चढला. "आणि तुमी वाढप्यागत आग्रह करताय. घ्या अजून एक, घ्या अजून एक! खेळ न्हाय ह्यो, पाहुणचार केलाय नुसता. जिंकलो त्यात माझं काय हाय? सगळं तुमीच केलं."

प्रसेनजीतचा चेहरा पडला, मग लाल झाला. "सगळ्या जगाला नावं ठेवतीस, आता मलापण ठेव," म्हणत त्यानं सीडी काढली आणि तो न जेवता पुण्याच्या गाडीला गेला. त्याच्यामागनं सोमेश, चपला हातात घेऊन.

मीनाबाईंचे पुढचे दिवस वाईट गेले. फोन नाही, निरोप नाही. घरी आल्या तरी कॉम्प्युटरकडं बघवेना. आपण बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं, तरीही पोराच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटत होतं. बायडाबाईंनी खेळाचं विचारलं, तेव्हा मीनाबाई औषधांचा ट्रे उचलून दुसऱ्या वॉर्डाकडं निघाल्या.

महिना संपत आला आणि दोघं परत दारात. दाढ्या वाढलेल्या, डोळे तारवटलेले. प्रसेनजीत आत येऊन नुसता म्हणाला, "बस." शाब्बासकी, फुलं, बाण, सगळं काढून टाकलं होतं. ह्या वेळी खेळायला बसवली होती ती होस्टेलवरची अनोळखी पोरं, आणि त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता.

मीनाबाई बसल्या. बघता बघता कोंडी झाली. परत लावला, परत कोंडी. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. पदर खोचला. बैलगाडीवाल्याला शिवी हासडली. ह्या खेपेला गाडीतळ जवळजवळ रिकामा झाला आणि शेवटी एक लाल ट्रॅक्टर आडवा उभा राहिला.

"अडलं व्हय आत्ती?" प्रसेनजीत घाबरून पुढं झाला. "थांब, सांगतो कुठलं आधी..."

"हात लावशील तर बघ!" मीनाबाई खेकसल्या. "त्या लाल्याला मीच गडबडीनं सोडला. चूक माझी हाय. सर बाजूला, परत लावू दे."

प्रसेनजीतनं सोमेशकडं बघितलं. सोमेश हसायला लागला. भाच्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. आत्तीला त्याचा पत्ताही नव्हता, त्या खेळत होत्या.

साइटवाल्यांचा होकार आला तो पुढच्या महिन्यात. पण मीनाबाई दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर पेढे घेऊन गेल्या.

"लागला व्हय निकाल?" बायडाबाईंनी विचारलं.

"त्यांचा लागंल तवा लागंल. माझा लागला," मीनाबाई सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "धा वेळा हरलो की मी! भाच्यानं हरवलं मला. घे, तोंड गोड कर."