आट्यांसकट बोल्ट

जगातली कुठलीही गोष्ट मोठी करून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा मालक निघाला. शिवाजी पेठेत चहाच्या गाड्यामागं त्यांची एक खोली होती. पूर्वी ते तालमींचे फलक आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचे. चाळिशी उलटल्यावर ब्रश ठेवून कॉम्प्युटरवर बसले आणि तिथं त्यांना रेघांच्या चित्राचा साक्षात्कार झाला. फोटो म्हणजे नुसते ठिपके, मोठा केला की फुटतो. रेघांनी काढलेलं चित्र नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, रेघ रेघच राहते. एवढ्या एका सत्यावर त्यांनी उरलेला संसार रेटला. लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी स्वागताच्या बोर्डाला नाक लावून ठिपके शोधत. माणसांनाही हेच माप. गल्लीतला कुणी नगरसेवक झाला की म्हणायचे, "बघू की, मोठा केल्यावर फुटतंय का."

मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि कोल्हापुरात मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. मालकांनी मला माउस धरायला शिकवलं, घरून डबा आणला आणि झोपायला तीच खोली दिली. त्यामुळं दुकान बंद पडलं तर माझी नोकरी, जेवण आणि छप्पर तिन्ही एकाच कुलपात जाणार, ही धास्ती मी रोज उशाला घेऊन झोपायचो.

आणि दुकान बंद पाडायची तजवीज मालक स्वतःच करत होते. मोबाइल ज्याच्या-त्याच्या हातात आले, तसं त्यांनी ठरवलं की चित्र एकदाच काढायचं आणि ते सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या फोनवर, लहानमोठ्या पडद्यावर, जसंच्या तसं उघडलं पाहिजे. बाकीचे लोक प्रत्येक पडद्याच्या मापाचा वेगळा फोटो करून मोकळे होत. मालकांना ते पाप वाटे. त्यांनी तालमीच्या फुटबॉल क्लबच्या सामन्यांचा एक मोबाइल प्रोग्रॅम केला, त्यात क्लबच्या चिन्हातला वाघ रेघांनी काढला, आणि तो तपासायला ते मैदानावर हाफटाइममध्ये लोकांचे फोन मागत फिरू लागले. "पावणं, फोन जरा द्या की." एकदा त्यांच्या खिशात परक्यांचे फोन एकदम वाजायला लागले आणि एका पोरानं कॉलर धरली. "काका, वय काय तुमचं आनि धंदा काय करालाय?" मालकांनी शांतपणे एक फोन त्याच्या हातात ठेवला. "तुझ्या फोनवर वाघ दिसंना झालाय. नुसता पांढरा चौकोन येतोय. फोन बदल." मी पाया पडून त्यांना सोडवलं.

अशात कागलच्या एमआयडीसीतून एक खरं काम चालून आलं. पंपांच्या कारखान्यात देखभालीचं काम बघणाऱ्या बाईंना दुरुस्तीची चित्रं फिटर लोकांच्या मोबाइलवर हवी होती. हे जमलं तर दुकान जगणार होतं. मालकांनी जेवणखाण सोडून पंप काढला, आणि कसा काढला म्हणून सांगू. प्रत्येक बोल्टच्या पेचाचा प्रत्येक आटा वेगळा, बोल्टाखालच्या वायसरवरचा गंजसुद्धा रेघांनी. कागलला चार फिटरांच्या फोनवर तो टाकला. पहिल्यावर असा उघडला की बाईंच्या तोंडून "वा" निघालं. दुसऱ्यावर पांढरा चौकोन. तिसरा बंद पडला तो आम्ही निघेपर्यंत पडलाच. चौथा फिटर म्हणाला, "मालक, माझा फोन गरम झालाय, चहा ठेवू काय?"

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "एवढ्या रेघा ह्या फोनांना झेपत नाहीत. आटे काढून टाका, बोल्ट ओळखू आला म्हणजे झालं."

"आटे काढल्यावर बोल्ट कसला त्यो," मालक वाटेत एसटीत म्हणाले. "खिळा की."

दोन दिवस ते पंपासमोर बसले आणि एक रेघ पुसली गेली नाही. मी म्हणालो, "मालक, हे काम गेलं तर आपण गेलो." त्यांनी उठून चप्पल घातली. "तू काढ. मला बघवायचं न्हाय." मी आटे पुसत होतो आणि ते चहाच्या गाड्यावरून मधूनमधून ओरडून विचारत होते, "पंप ऱ्हायलाय का अजून?"

नवा पंप कागलला चारी फोनवर उघडला. पण बाई ओशाळल्या होत्या. मधल्या काळात वरच्या साहेबांनी पंपाचे फोटो मोठे करून, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक मशीनला चिकटवून टाकले होते. मालकांनी एका फोटोला नाक लावलं. तो फुटलेला होता. बाईंना नमस्कार करून ते गेटकडं चालू लागले.

खोली सोडायचं ठरलं. मी पिशवी भरत होतो, तर म्हणाले, "चल, जरा जाऊन येऊ." पेठेच्या टोकाला वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान होतं. मोबाइलवर काढलेला फोटो तो घराएवढा करायचा, म्हणून मालक त्या बाजूच्या फुटपाथवरूनही जात नसत.

"आज वाट चुकला जनू," फ्लेक्सवाला म्हणाला.

"ह्याला ठेवून घे. हात चांगला हाय त्याचा. झोपायला जागा पायजे तेवढी."

"बघू की. बसा, च्या घ्या." चहा येईपर्यंत फ्लेक्सवाल्यानं मुद्दाम समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या नव्या बोर्डाकडं बोट केलं. कुणातरी दादांचा चेहरा होता, गाल विटांच्या भिंतीसारखे फुटलेले. "कसा आलाय, सांगा की. तुमचं मत पायजे."

मालकांनी जागेवरूनच बोर्डाकडं बघितलं, जवळ गेले नाहीत.

"ब्येस आलाय," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतून हळूहळू फुंकत बसले.