पॉटेन काकींची जाहीर माफी

वयाच्या बाराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत मी बायको होतो. किती जणांची, ते आता नीट सांगता येणार नाही. दोन राजांची, एका सावकाराची, एका आंधळ्या सरदाराची, आणि एकदा तर एकाच दुपारी दोन सख्ख्या भावांची. चार वेळा विष पिऊन मेलो. एक बाळंतपणही झालं, पण ते पडद्याआड. लंडनमध्ये बाईने रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही असा रिवाज, त्यामुळे स्त्रीपार्ट आम्हा दाढी न फुटलेल्यांकडे यायचे. ते लिहायचे पुरुष, बसवायचे पुरुष. नवऱ्याच्या विरहात बाई कशी रडते, हे मला ज्या माणसाने शिकवलं त्याची स्वतःची बायको टिपूस न गाळता त्याला सोडून गेली होती. त्या सात वर्षांत एका बाईने मला बाईबद्दल काही शिकवलं असेल, तर ती उर्सुला पॉटेन.

नदीच्या उत्तर काठावर, घाटाच्या पायऱ्यांवर बसून उर्सुला काकी शिंपल्यातली कालवं विकायची. पंचेचाळिशीची, रुंद हाडाची बाई. हातातली सुरी कालवात घालून असा काही झटका द्यायची की समोरच्याने नकळत आपली बोटं मुठीत घ्यावीत. तिचा नवरा गाइल्स नावाडी होता. आमच्या थिएटरला येणाऱ्या लोकांना तो नदीपार दक्षिण काठावर नेऊन सोडायचा. दिवसाकाठी वीसेक शब्द बोलायचा, त्यातले निम्मे होडीशी. कायद्याने घराचा मालक गाइल्सच. टोपली त्याची, सुरी त्याची, कालवं त्याची आणि काकीही त्याचीच. ह्या मालकीचा त्याला स्वतःला फार ताण यायचा. शिपाई दारात येऊन घरचे मालक आहेत का असं विचारू लागला की तोही मान वळवून काकीकडे बघायचा.

मी तिच्याकडे गेलो तो आमचे कंपनीमालक बार्नबी स्ट्रडविक ह्यांच्या सांगण्यावरून. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि नव्या नाटकात एका खोगीरवाल्याच्या कजाग बायकोचं काम करत होतो. पहिले चार अंक तिने नवऱ्याशी भांडायचं आणि पाचव्यात नवऱ्याने तिला ताळ्यावर आणायचं, असं ते नाटक. माझी तालीम बघून मालक म्हणाले, "जॅस्पर, तू भांडतोयस की बदकं हाकतोयस?" मग म्हणाले, घाटावरच्या त्या कालववालीपाशी चार दिवस जाऊन बस, भांडण म्हणजे काय ते कळेल.

मी जाऊन काकीला खरं ते सांगून टाकलं. ती कालवं फोडतच राहिली.

"म्हणजे कजाग बाई म्हटल्यावर तुझ्या मालकाला मी आठवले," ती म्हणाली. "बरं. करून दाखव."

मी पायरीवर उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि पहिल्या अंकातलं पहिलं वाक्य ठेवून दिलं. त्यात बायको नवऱ्यावर ओरडते, छत गळतंय म्हणून. तीन होड्यांमधले नावाडी वळून बघायला लागले.

काकीने विचारलं, "तुला काही चावलं का?"

मी म्हटलं, भांडतोय.

"हे बघ पोरा, बाई पहिल्यांदाच ओरडत नाही. आधी ती हळू सांगते. मग परत हळूच सांगते. तिसऱ्यांदा सांगते तेव्हा नवरा म्हणतो, काही म्हणालीस का? चौथ्या खेपेला ती ओरडते, आणि गल्लीला ऐकू जातं ते तेवढंच. तुमच्या नाटकात आधीच्या तीन खेपा कुठे आहेत?"

त्या लिहिलेल्याच नव्हत्या. पहिल्याच प्रयोगात मी त्या माझ्याच जबाबदारीवर घातल्या. खोगीरवाला जेवत होता. मी त्याच्या मागे उभा राहून हळूच म्हटलं, छत गळतंय. लोक हसले. पुन्हा म्हटलं. हसू कमी झालं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा खाली उभ्या असलेल्या गर्दीतून एक बाई म्हणाली, "अरे, ऐक की तिचं." चौथ्या वेळी मी ओरडलो तेव्हा माझ्याबरोबर निदान तीस बायका ओरडल्या. पाचव्या अंकात नवऱ्याने मला ताळ्यावर आणलं, तर टाळी वाजेना. नाटककार आत येऊन माझ्या अंगावर धावला, कारण ती वाक्यं त्याची नव्हती. पण दुसऱ्या दिवशी बायकांची गर्दी दुप्पट झाली आणि मालकांनी त्याला समजावलं की ती त्याचीच आहेत.

ह्याच गर्दीमुळे अँब्रोज केटलवेल मध्ये आला. हा मेणबत्त्यांचा व्यापारी आणि आमच्या चर्चचा कारभारी. बायकांनी नवऱ्यापुढे मान खाली घालावी, हे प्रवचन वर्षातून जितक्यांदा वाचायचा रिवाज, त्याहून दोनदा जास्त हा पाद्रींना वाचायला लावायचा. देशाच्या गादीवर एक बाई बसली आहे ही गोष्ट त्याने मनातल्या मनात कशी लावून घेतली होती, देव जाणे. आपल्या वस्तीतल्या बायका नवऱ्यांना न विचारता नाटकाला जातात आणि त्यांची पुढारी ही कालववाली, असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा तो भर बाजाराच्या वेळी घाटावर आला. काकी समोर उभी होती. तिच्याकडे न बघता तो गाइल्सशी बोलू लागला. बायको नवऱ्याच्या ताब्यात नसली तर अख्ख्या वस्तीला कीड लागते, तेव्हा हिला घरात बांधून ठेव, असं त्याचं म्हणणं. गाइल्सने बराच विचार केला आणि सांगितलं की दोर एकच आहे, तो होडीला लागतो.

काकी हळूच म्हणाली, "कारभारी, मी इथेच आहे. मला सांगा."

केटलवेल गाइल्सशीच बोलत राहिला. काकीने पुन्हा तेच म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. मी पायरीवर बसलो होतो. पुढे काय येणार ते मला कळलं आणि मी टोपली जरा बाजूला ओढून घेतली.

"केटलवेल," ती म्हणाली, आणि आता सगळा घाट ऐकत होता, "दर गुरुवारी तुम्ही नदीपार आजारी आत्याला बघायला जाता. आमच्या घरचे मालकच तुम्हाला होडीतून नेतात. त्या आत्याचे केस एका गुरुवारी लाल असतात आणि दुसऱ्या गुरुवारी काळे. आजार कसला आहे तेवढं सांगा, म्हणजे आम्ही आपापल्या नवऱ्यांना जपू."

दक्षिण काठावर थिएटरं होती तशी दुसरीही घरं होती, आणि तिथल्या खिडक्यांत बसणाऱ्या बायका काकीकडूनच कालवं घ्यायच्या. तिने ऐकीव काही सांगितलं नव्हतं.

केटलवेलने बिशपच्या कोर्टात फिर्याद केली की आपली अब्रू गेली. ज्यांनी ऐकलं त्या नऊ जणांना साक्षीला बोलावलं. प्रत्येकाने काकीचे शब्द कोर्टात नीट म्हणून दाखवले, त्यामुळे कोर्टाने ते नऊ वेळा ऐकले. शेवटी गाइल्सला विचारलं, तू ह्यांना नदीपार कुठे नेऊन सोडतोस? गाइल्सला कारभाऱ्याशी वैर नको होतं आणि बायकोविरुद्ध बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "महाराज, वल्हवणारा पाठमोरा बसतो. मला कुठून आलो ते दिसतं. कुठे चाललो ते नाही दिसत." त्या खिडक्यांतल्या बायका काही कोर्टात येणार नव्हत्या. केटलवेलने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि काकी खोटी ठरली.

शिक्षा नेहमीचीच होती. रविवारी अंगावर पांढरी चादर, अनवाणी पाय, हातात पांढरी काठी, आणि भर प्रार्थनेत चर्चमध्ये जाहीर माफी. पाद्री एकेक वाक्य सांगणार, काकीने ते मागून म्हणायचं. केटलवेलने त्यात दोन अटी घालून घेतल्या. एक, काय बोलली ते एक शब्दही न गाळता म्हणायचं. दोन, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवं.

काकी माझ्याकडे आली. वीस वर्षं घाटावर कालवं, कालवं करून तिचा गळा बसला होता. जवळच्याला तो करवतीसारखा लागायचा, पण तिसऱ्या बाकापुढे नुसती खरखर.

ती म्हणाली, "कोर्टाचा हुकूम आहे. तो मान राखून पाळायला हवा. तुम्ही लोक घसा न फोडता दोन हजार माणसांना ऐकवता, ते कसं?"

तीन दिवस सकाळी थिएटर रिकामं असताना मी तिला शिकवलं. श्वास पोटातून घ्यायचा. माणसांकडे नाही, मागच्या भिंतीकडे बघायचं. वाक्यातला शेवटचा शब्द गिळायचा नाही. आणि महत्त्वाचं काही आलं की त्याच्या आधी थांबायचं, लोकांना पुढे वाकू द्यायचं. आमच्या रंगमंचावर बाई उभी राहिली ती अशी, माफी मागायला शिकण्यासाठी. तिसऱ्या दिवशी स्ट्रडविक मालक सज्जात बसून ऐकत होते. ते हळहळून म्हणाले, "बाई नसती, तर हिला बायकांची कामं दिली असती."

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या वस्त्यांतले लोक खांबांना टेकून उभे होते. पाद्रीबुवांना हा प्रकार लवकर उरकायचा होता. ते भरभर, पुटपुटत वाक्यं सांगत होते. काकी मात्र प्रत्येक वाक्य घेऊन जणू तपासायची आणि मग म्हणायची.

"मी, उर्सुला पॉटेन," ती मागच्या भिंतीला म्हणाली, "अँब्रोज केटलवेल ह्यांच्याविषयी, देवाची भीती न बाळगता, असं बोलले, की त्यांच्या आत्याचे केस एका गुरुवारी लाल असतात." इथे ती थांबली. सगळं चर्च पुढे वाकलं. "आणि दुसऱ्या गुरुवारी काळे."

ती मनापासून खेदाने म्हणत होती. तिच्या आवाजात कुठेही चेष्टा नव्हती, आणि त्यामुळेच मागे एका खाटकाला रडू फुटेपर्यंत हसू आलं. पाद्रीबुवांनी हसू लपवायला कागद तोंडासमोर धरला. पुढची ओळ त्यांना सापडेना. त्या खोळंब्यात पहिल्या बाकावरून खणखणीत प्रश्न आला.

"कोणती आत्या?"

ती टॅबिथा केटलवेल, कारभाऱ्याची बायको. तिला कमी ऐकू यायचं. अकरा वर्षं ती पाद्रीबुवांच्या ओठांकडे बघत बसत होती आणि बाजारातली गोष्ट तिच्या कानात शिरून सांगायची हिंमत कोणी केली नव्हती. नवरा दर गुरुवारी मेणाच्या वखारीत जातो, असं तिला ठाऊक होतं. काकीचा शब्द न् शब्द तिला ऐकू गेला होता. केटलवेल तिच्या कानाशी वाकून म्हणाला, माझी आत्या, पलीकडे असते, आजारी आहे. आता सगळ्यांदेखत दुसरं काय सांगणार? तिने मान हलवली आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

गुरुवारी ती जवाच्या पेजेचं भांडं घेऊन घाटावर हजर. आजारी माणूस, त्यात वयस्क, आणि सून असून आपण एकदाही गेलो नाही, ह्याचं तिला वाईट वाटत होतं, असं तिने गाइल्सला सांगितलं. तिच्यामागे धावत आलेला केटलवेल आधी म्हणाला की आत्याला आता उतार आहे. मग म्हणाला, रोग पसरणारा आहे. टॅबिथा भांडं सांभाळत होडीत चढायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "ती गेली. काल."

टॅबिथाने भांडं खाली ठेवलं आणि रडायला लागली. सासरचं माणूस न बघताच गेलं म्हणून इतकी रडली की आजूबाजूच्या बायकांनी तिला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांसाठी काळं कापड आणवलं, त्यातलंही उंची. आत्मशांतीसाठी प्रवचन झालं. पाद्रीबुवांनी आत्याचं नाव विचारलं, तर केटलवेलला दोन वेगवेगळी नावं सुचली, म्हणून ते नावाशिवायच बोलले. दारात लोक रांगेने त्याला भेटले. काकीही रांगेत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "फार सोसलं हो त्यांनी."

मग टॅबिथा दर गुरुवारी आत्याच्या थडग्यावर फुलं वाहायला नदीपार जाऊ लागली. केटलवेल तिला जाऊ नको म्हणू शकत नव्हता आणि थडगं कुठे आहे हेही विचारू शकत नव्हता. गाइल्स तिला थिएटरच्या पायऱ्यांशी सोडायचा. ती वरच्या सज्जात काकीशेजारी मांडीवर फुलं घेऊन बसायची आणि नाटक संपलं की ती फुलं मला मिळायची. तुझं सगळं ऐकू येतं मला, असं ती म्हणायची. केटलवेलच्या गुरुवारच्या फेऱ्या बंदच झाल्या. त्याला होडीत बायकोशेजारी बसावं लागलं असतं.

पुढे मला दाढी फुटली आणि मी ड्यूक झालो, नोकर झालो, दोनदा भूत झालो. गाइल्स एका कडक हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेला. काकी खरंच रडली, आणि ते मी ज्या पद्धतीने रंगमंचावर रडत आलो होतो त्यासारखं मुळीच नव्हतं. भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची, एवढंच. विधवा झाल्यावर टोपली, सुरी, होडी कायद्याने तिच्या नावावर झाली. वर्षाच्या आत दोन जणांनी मागणी घातली. त्यातले एक आमचे स्ट्रडविक मालक. आपण माणूस म्हणून वाईट नाही, घरही ऐसपैस आहे, असं त्यांनी टोपी हातात घेऊन सांगितलं. काकीने त्यांना बसवलं, बिअर दिली आणि म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो. पण ही टोपली आत्ता कुठे माझी झालीय." मालकांना राग आला नाही. ते कालवं खाऊन परतले. होडीसाठी तिने एक माणूस ठेवला आणि आणखी अकरा वर्षं काढली.

ती गेली तेव्हा मी शहरात नव्हतो. परतल्यावर चर्चच्या मृत्यूंच्या वहीत बघितलं. कारकुनाने लिहिलं होतं, "गाइल्स पॉटेन, नावाडी, ह्याची विधवा." मी म्हटलं, हिचं नाव राहिलं. तो म्हणाला, कोणाची बायको ते लिहिलंय की, नाव कशाला? मी तिथून हललो नाही. शेवटी त्याने वैतागून समासात बारीक अक्षरांत नाव घातलं. त्यात एक अक्षर चुकलं होतं. मी त्याला ते पुन्हा लिहायला लावलं.