उजव्या कळीखालची खळ

हे मी आजवर ना घरी बोललो, ना कुठल्या पत्रकात छापलं – आणि मी काहीही छापतो, हे आमच्या तालुक्यात कुणीही सांगेल. तुम्ही मधेच हसलात तरी चालेल. सांगताना मलाही हसू येतं. हसू येतं म्हणूनच तर इतके दिवस लपवता आलं.

मी पत्रकांवर वाढलो. वडील मुंबईला छापखान्यात. सुट्टीवर येताना खाऊसुद्धा उरल्यासुरल्या पत्रकांत बांधून आणायचे. ‘उठा’, ‘जागे व्हा’, ‘खपवून घेणार नाही’ – बाराखडीनंतर मी हेच वाचलं. विसाव्या वर्षी स्वतःची पत्रकं काढू लागलो. गुहागरला छापायची, घरी पिठाची खळ शिजवायची आणि हेदवीपर्यंत दिसेल त्या भिंतीवर डकवायची. एक होतं कौलाविरुद्ध – ‘देवीला विचारू नका, डोक्याला विचारा’. ते मी वाघजाईच्या देवळाच्या खांबावरच चिकटवलं. आमचे गुरव भिकूनाना पूजा झाली की कुंकवाची बोटं त्यालाच पुसायचे. भांडण नव्हतं आमचं. उलट त्यांची पत्रं मीच लिहून द्यायचो.

मग पवनचक्कीवाली कंपनी आली. गावाच्या माथ्यावर सडा आहे – कातळाचं उघडं पठार, पावसाळ्यात गवत, एरवी नुसता वारा. तो वारा त्यांना हवा होता, वीज करायला. इंजिनिअर सभ्य होता, पोह्यांना नावं ठेवत नसे. पण सडा साऱ्या गावाचा, गुरं तिथे चरायची; आणि कागदात असं होतं, की एकदा दिला की त्यावर गावाचा शब्द चालणार नाही. मी पेटलो. ‘आज वारा, उद्या श्वास!’ चक्क्यांमुळे आंब्याचा मोहर झडतो, असंही ठोकून दिलं. कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. “मंग वादळालापन एक पत्रक धाड,” असं म्हणून लोक पोट धरून हसले.

भिकूनानांना मात्र चक्क्या हव्या होत्या. त्यांचा सुरेश गिरणीचं काम सुटल्यापासून मुंबईत मिळेल ते करत होता. बायको आणि लहान लेक इथे. सड्यावर राखणदार म्हणून त्याला ठेवायचं कंपनीने कबूल केलं होतं. नानांनी हे कुणापासून लपवलं नाही. मलाही ठाऊक होतं – हे लक्षात ठेवा, मी विसरू देणार नाही.

तीन बैठका झाल्या. निम्मे हो, निम्मे नाही. शेवटी एक म्हातारा उठला, “आयेला इचारू. ती काय पत्रकं वाचीत नाय.” झालं. सडा द्यावा का, असा कौल लावायचा ठरला.

कौल कसा लावतात? देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. माझा विश्वास नव्हता, कधीच नव्हता. मग त्या दुपारी नाना जेवायला गेल्यावर मी देवळात कशाला शिरलो? हातात पानात बांधलेली खळ कशाला होती?

हो – मी लावली. पाषाणाच्या उजव्या बाजूला, कळी लावतात नेमक्या त्या जागी, खळीचं बोट पातळसं फिरवलं. भिंतींवर डकवून डकवून हात तयार झालेला. किती लावली की दिसत नाही आणि सुटतही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तासाभरात सगळं गाव जमलं. नानांनी कळ्या लावल्या, हात जोडले, “बाय वाघजाई, लेकरांचा बरा वायट तुज्या पदरात…” आणि सगळे थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. नानांनी आईला समजावलं, मग विनवलं, मग हळूच दटावलंही. उजवी कळी ढिम्म. “नाना, आय झोपली काय बघा,” मागून कुणीतरी म्हणालं. खसखस पिकली. तेवढ्यात डावी पडली.

कुणी कुरकुर केली नाही. इंजिनिअरनेसुद्धा वाकून नमस्कार केला, नारळाची कवड घेतली आणि तो गेला. आणि मी? मी पुढचं पत्रक काढलं – ‘जागृत गावाने कंपनीला परतवले!’ कौलाचा त्यात उल्लेख नाही.

चक्क्या खाडीपलीकडच्या सड्यावर उभ्या राहिल्या. त्या गावच्या गुरांना खालच्या माळावर न्यावं लागतं, म्हणजे मी सगळंच चुकीचं लिहिलं नव्हतं. मोहर मात्र तिकडे दरवर्षी झकास येतो. त्यांचा राखणदार त्यांच्याच गावचा आहे. सुरेश अजून मुंबईत, गणपतीला चार दिवस येतो. लेक त्याला बघून आधी आईमागे लपते, आणि अंगणात सगळे हसतात. मीही हसतो.

खळीपर्यंत सांगणं तसं सोपं होतं. पुढचं – पुढचं असं.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कोरं कार्ड घेऊन आमच्या ओटीवर आले. चेहरा नेहमीसारखाच. “लिव बाला, सुरेशला. आय नको म्हनली. तितंच काय ता बग. पोरगी बरी हाय, दात पडलाय.” मी पेन उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. नाना माझे भाऊबंद नव्हते की वैरी नव्हते. त्यांनी फार तर शिव्या घातल्या असत्या. पण मग गाव मला हसलं असतं – देवीला न मानणारा पोरगा देवीला खळ लावून आला. मी लिहिलं, ‘आई नको म्हणाली.’

“वाच,” नाना म्हणाले. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा वाचलं. “आक्षर काय देखना हाय तुजा,” ते म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

मी पत्ता घातला आणि कार्ड स्वतः नेऊन पेटीत टाकलं.