एनोक ट्रेगीरचा संशय

न्यूझीलंडमधल्या वायही गावात एनोक ट्रेगीरबद्दल म्हणत, चर्चमध्ये सगळे डोळे मिटतात तेव्हाही हा एक उघडा ठेवतो. आधी तो तसा नव्हता. संपाच्या वर्षी सोन्याच्या खाणीवरची माणसं फुटली, हाणामाऱ्या झाल्या आणि संपकऱ्यांना बायकापोरांसह गाव सोडावं लागलं. एनोक बायकोला, टॅम्सिनला घेऊन ऑकलंडच्या गाडीत बसला तेव्हा फलाटावर हुर्यो करणाऱ्या घोळक्यात त्याला वॉल्टर हिस्लॉप दिसला. एकाच मेणबत्तीच्या उजेडात दोघांनी खडक फोडला होता. वॉल्टर संप मोडून कामावर गेला होता. त्या दिवसापासून एनोकचा माणसांवरचा विश्वासच उडाला.

पुढे युद्ध आलं. जमिनीखालून जर्मन खंदकांपर्यंत बोगदे खणायला सरकारला खाणकामगार हवे होते. एनोकने नाव दिलं. फ्रान्समध्ये आरासच्या पांढऱ्या, खडूसारख्या खडकात समोरून शत्रूही खणत येत होता. जो आधी सुरुंगाची दारू भरून उडवेल तो जगणार. सार्जंटने जोड्या लावल्या आणि एनोकच्या वाट्याला नेमका वॉल्टर आला.

"हा नको. याच्याकडे पाठ करून मला काम करता यायचं नाही."

"मग तोंड करून कर," सार्जंट म्हणाला.

वॉल्टरने टेकू लावला, की एनोक तो पुन्हा ठोकून बघे. वॉल्टरने पुढे केलेला चहा तो घेत नसे.

"पी रे, विष नाही घातलंय," वॉल्टर म्हणे. "तुझ्यावर साखरसुद्धा कोण वाया घालवतो!"

एका सकाळी दोघं बोगद्याच्या टोकाला भिंतीला कान लावून बसले होते. शत्रूच्या कुदळींचा आवाज एकाएकी थांबला. वॉल्टर कुजबुजला, "पोती ओढताहेत. दारू भरताहेत. चल बाहेर!"

"मला काही ऐकू येत नाही."

"एनोक, ऊठ."

"संपात टिकला नाहीस, इथं काय टिकणार? जा, पळ."

वॉल्टर साहेबाला कळवायला सरपटत निघाला. एनोक एकटा राहिला, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. हा कळवायला गेलाय, की आपल्यावर बालंट आणायला? 'ट्रेगीर झोपला होता' असं सांगितलं तर? चुगली करताना याला रंगेहाथ धरायचाच, असं ठरवून एनोक त्याच्या मागोमाग निघाला. बोगद्याच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच मागे जमीन फुटली. बोगद्याचं टोक होतं तिथं नुसता चुरा उरला.

धुळीत वॉल्टरने त्याला मिठी मारली. "माझ्या शब्दावर आलास रे!"

एनोकच्या तोंडात माती होती. ती थुंकून तो चालू लागला.

दोघं वायहीला परतले. वॉल्टर दारूच्या गुत्त्यात ज्याला त्याला सांगे, एनोकने माझ्यावर विश्वास टाकला. दर शनिवारी तो परसातला कोबी घेऊन येई.

"याला काय हवंय आपल्याकडून?" एनोक टॅम्सिनला विचारी.

"कोबीतही तुला डाव दिसतो?"

"आतून किडका असेल."

तिने त्याच्यादेखत चिरून दाखवला. चांगला निघाला. तरी त्याने खाल्ला नाही.

खडकाच्या धुळीने दोघांची फुप्फुसं खाल्ली. चार पावलांत धाप लागू लागली, तशी दोघं एनोकच्या ओसरीवरच बसून राहत. एकदा एनोकने विचारलंच, "खरं सांग, ती पोती ऐकली होतीस?"

वॉल्टर रस्त्याकडे बघत म्हणाला, "नाही. आवाज थांबला आणि माझी पाचावर धारण बसली. पळायला निमित्त हवं होतं."

"मला वाटलंच होतं!" एनोक म्हणाला. खूप वर्षांनी त्याचा चेहरा उजळला. "आणि मी काही तुझ्या शब्दावर आलो नव्हतो. तू साहेबाचे कान भरशील म्हणून आलो होतो."

"हरामखोरा! आणि मी इतकी वर्षं तुला बियर पाजली!"

दोघं हसू लागले, हसता हसता खोकू लागले. टॅम्सिन पाण्याचे पेले घेऊन धावत बाहेर आली, तिला वाटलं मारामारी जुंपली.

एनोक त्याच हिवाळ्यात गेला. जुने संपकरी जमले आणि म्हणाले, संपफोड्याचा हात शवपेटीला लागता कामा नये.

"मग तुम्ही मागून चाला," टॅम्सिन म्हणाली.

दफनभूमीचा रस्ता चढाचा आहे. वॉल्टर शवपेटीला पुढच्या बाजूने खांदा देत होता. धाप लागून तो सारखा थांबे, तेव्हा मागचे संपकरीही मुकाट थांबत.